पिच्चर संपेपर्यंत

पुण्याहून आणलेल्या नटीला घमेलं उचलता येईना, तिथून मैनाची ही सगळी गोष्ट सुरू झाली.

अंबडच्या बाजूला एका चौकात मजुरांचा नाका भरतो. सकाळी सातपासून बायामाणसं फुटपाथच्या कडेला येऊन बसतात. पुढ्यात घमेलं, फावडं, कुणाकडे थापी. ठेकेदार येतो, माणसं निवडतो, पिकअपमध्ये भरून नेतो. दहापर्यंत ज्याला कुणी नेलं नाही त्यानं गुमान घरी जायचं. हर्षलला या नाक्यावर पिच्चर काढायचा होता. हर्षल म्हणजे गंगापूर रोडला राहणारा, कंपनीतली बरी नोकरी सोडलेला आणि घरच्यांच्या मते वाया गेलेला मुलगा. त्याच्या जोडीला सृष्टी. ती एरवी लग्नांचे व्हिडिओ काढायची आणि त्याच कॅमेऱ्यानं रविवारी हे काम करायची. दोघांकडे परवानगी नव्हती की तंबू-लाइट नव्हते. कुणी हटकलं तर "कॉलेजचा सर्व्हे आहे" म्हणायचं, आणि खाकी कपडे दिसले की कॅमेरा भाजीच्या पिशवीत टाकायचा. असले पिच्चर थेटरात लागत नाहीत. कुणाच्या तरी हॉलमध्ये पन्नास-साठ खुर्च्या मांडून दाखवतात, मग बघणारे बाहेर येऊन चहा पितात आणि गंभीर होतात.

तर नटी. तिला गरीब दिसायला छान जमलं होतं, पण घमेल्यात वाळू पडली की तिची मान थरथरायची. त्या रविवारी तिनं चौथ्यांदा घमेलं पाडलं, ते कामासाठी नाक्यावर बसलेल्या मैनाच्या पायाशी. मैना उठली. हर्षलला एक सणसणीत शिवी दिली, डोक्यावर चुंबळ ठेवली, भरलेलं घमेलं एका झटक्यात वर घेतलं आणि वीस पावलं चालून दाखवलं. परत येऊन म्हणाली, "आसं उचलत्यात. मानंनं नाय, कमरंनं." सृष्टीचा कॅमेरा चालूच होता. दुसऱ्या दिवशी नटी पुण्याला गेली आणि मैना नटी झाली.

मैनाचं वय छत्तीस. माहेर दिंडोरीकडलं, आईबाप द्राक्षबागांमध्ये छाटणीला जाणारे. नवरा दीपक मिक्सरवर कामाला, स्लॅब टाकायचा असला की त्याला दम टाकायला फुरसत नसायची. घर म्हणजे बस्तीतली पत्र्याची एक खोली, तीत सासू विठाबाई आणि हे दोघं. पोर झालं नव्हतं, त्याचं दुःख जुनं होऊन आता त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. पिच्चरचं ऐकून दीपक पोट धरधरून हसला. रोज संध्याकाळी दारातूनच ओरडायचा, "हिरॉईन, च्या टाक!" आणि हिरॉईन चहा टाकायची.

काम सुरू करण्याआधी हर्षलनं मैनाला भिंतीपाशी उभं केलं आणि चारी बाजूंनी फोटो काढले. मग समजावून सांगितलं, "मैनाताई, याला कंटिन्युटी म्हणतात. पिच्चर तुकड्यातुकड्यानं काढतात. आज दार उघडलं ते आज, आणि आत गेलात ते कदाचित सहा महिन्यांनी. पण बघणाऱ्याला ते एकाच दिवसातलं वाटलं पाहिजे. म्हणून पिच्चर संपेपर्यंत काही बदलायचं नाही. हे एवढं कुंकू, ही काळी पोत, दोन्ही हातांत सात-सात हिरव्या बांगड्या, हीच साडी. केस कापायचे नाहीत, नाकातली चमकी बदलायची नाही." मग एका छापील कागदावर तिची सही घेतली. तिचं चित्र वापरायला तिची हरकत नाही, एवढंच त्यात होतं. मैनानं तो वाचला नाही. शाळेत सातवीपर्यंत गेली होती तरी छापील कागद म्हटला की बस्तीतली बाकीची माणसं घाबरतात तशी तीही घाबरायची.

पण नेम तिनं असा काही पाळला की चातुर्मास पाळणाऱ्यांनी बघत राहावं. काचेच्या बांगड्या कामावर टिकत नाहीत, विटा देताघेता तडकतात. मैना कामावर जाताना मनगटाला फडकं गुंडाळायची, तरी एखादी गेलीच तर संध्याकाळी कासाराकडे जाऊन तोच रंग, तेच माप मागायची. कॅमेऱ्यापुढे मात्र ती नेम-बिम विसरायची. सांगितलेली गोष्ट एकदाच करायची आणि ती बरोबर व्हायची. हर्षल सृष्टीकडे बघायचा, सृष्टी मान डोलवायची, आणि मैना म्हणायची, "झालं? मग सोडा, पाणी यायचा टायम झाला."

पाच-सहा रविवार असे बरे गेले. मग लग्नसराई आली, सृष्टीचा कॅमेरा लग्नांत अडकला. मग हर्षलच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. मग पाऊस. पिच्चर अर्ध्यावर लोंबकळत राहिला. मैना आपली तिकडे सात-सात बांगड्या सांभाळत होती.

ऑगस्टमध्ये दीपक तिसऱ्या मजल्यावरून पडला. पायाखालची फळी सरकली, एवढंच सोबतच्यांनी सांगितलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मैना रडली. मनापासून, घसा बसेपर्यंत रडली. तिचं नवऱ्यावर प्रेम होतं, यात शंका घ्यायचं कारण नाही. दारातून चहासाठी ओरडणारं कुणी नाही, हे तिला दुसऱ्याच संध्याकाळी कळलं आणि स्टोव्ह पेटवायची तिला भीती वाटायला लागली.

त्यांच्याकडे बांगड्या दहाव्याला फोडतात. गंगेच्या घाटावर सगळे विधी झाले आणि बाया मैनाभोवती बसल्या. शेजारची नवसाबाई या कामात पुढे असायची. तिनं मैनाचा हात धरला आणि दगडाकडे नेला. मैनानं हात मागे ओढला. तिला स्वतःलाच कळलं नाही आपण काय करतोय. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाय फोडायच्या. पिच्चर आर्धा हाय. म्या कागदावर सही केलीय."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीला रडता रडता हसू फुटलं, तिनं पदर तोंडात कोंबला. नवसाबाई म्हणाली, "दुःखानं डोकं फिरलंय हिचं." पण विठाबाई कागद हा शब्द ऐकून गार पडली होती. तिच्या सासऱ्याची दोन बिघे जमीन एका कागदावरच गेली होती. तिनं विचारलं, "कसला कागद?"

"संपस्तोर काय बी बदलायचं नाय म्हून."

मग तिथंच, त्या घाटावर, दीपकच्या चुलत्यानं मैनाच्या फोनवरून हर्षलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दीपक गेल्याचं हर्षलला कुणी कळवलं नव्हतं. चुलत्यानं खाकरून विचारलं, "साहेब, आमच्या सूनबाईनं बांगड्या, कुंकू काढलं तर चालंल का?"

"अहो, नाही नाही!" हर्षल ओरडलाच. "काका, कृपा करून एकही बांगडी काढू देऊ नका. आमची वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल. संपूर्ण पिच्चर बोंबलेल!"

चुलत्यानं फोन बंद केला. विठाबाईनं दगड बाजूला सारला आणि म्हणाली, "शब्द दिलाय तर पाळावा लागंल. कागदाच्या भानगडीत नको पडायला. पिच्चर संपला की करू."

अशी मैना विधवा झाली आणि कुंकू कपाळावर राहिलं.

पहिले काही दिवस तिला याची लाज वाटली. मग एका सकाळी, सासू नळावर गेलेली असताना, तिनं भिंतीवरच्या आरशात पाहून कुंकू लावलं आणि तिथंच उभी राहिली. चार वर्षांची असताना तिच्या आजीनं बोटानं तिला पहिल्यांदा कुंकू लावलं होतं. तेव्हा दीपक कुठं होता? बांगड्या तर तिला इतक्या आवडायच्या की लहानपणी जत्रेत त्यांच्यासाठी ती जमिनीवर लोळण घ्यायची. नवरा गेला ते दुःख एवढं मोठं, त्यात आणखी हे आपल्या हातचं का काढून घ्यायचं, हे तिला कळेना. आणि हे कुणाला विचारायचं तेही कळेना. बस्तीत असं विचारलं असतं तर लोकांनी एकच अर्थ काढला असता, आणि तो अर्थ नाक्यावर पोचायला दुपार लागली नसती.

कारण नाक्याचं तिनं बघितलेलं होतं. कपाळ मोकळं असलेल्या बाईला ठेकेदार "चल" म्हणतो, त्यात आणि इतरांना "चल" म्हणतो त्यात फरक असतो. अंबूबाई नावाची एक बाई नवरा गेल्यावर दोन महिन्यांत नाका सोडून गेली होती, का ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पण राहिलेलं कुंकूही सुखानं लावता येईल अशी सोय नव्हती. बस्तीत तिला मागून "पिच्चरची सवाशीण" म्हणायला लागले. हळदीला बोलावणं येईना आणि विधवा बायांतही तिला जागा होईना. कासारानं तर स्पष्ट सांगितलं, "वहिनी, तुमच्या हातात आता मी भरू शकत नाही, माझ्या धंद्याला बरं नाही." म्हणजे फुटेल ती बांगडी गेली. सप्टेंबरात उजव्या हातात सहा राहिल्या, ऑक्टोबरात पाच. रोज संध्याकाळी घरी आली की विठाबाई भाकरी थापता थापता विचारायची, "संपला का गं तुझा पिच्चर?" त्या विचारण्यात कावा नव्हता. म्हातारीला खरंच वाटायचं की सुनेला या कागदातून लवकर सोडवलं पाहिजे. मैना म्हणायची, "नाय अजून." आणि तिला भाकरी गिळवत नसे.

हर्षलला दीपकचं कळलं तेव्हा तो धावत आला. दारातच त्याचे डोळे भरले. फोनवर आपण काय बोललो ते आठवून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "मैनाताई, मला माफ करा. मी तुमचा भाग बदलतो. तुम्हाला हे सगळं अंगावर घेऊन वावरायला लावणं म्हणजे... मी राक्षस आहे."

विठाबाई समोरच बसलेली. मैना काय बोलणार? तिनं घाईघाईनं सांगितलं, "बदलू नका दादा. ठरलं तसंच करा."

हर्षलला ते तिचं मोठेपण वाटलं. ही बाई आपल्या कलेसाठी एवढं सोसते आहे, असं त्यानं सृष्टीला सांगितलं. संवेदनशील माणसाचं हे असं असतं, समोरच्याचं दुःख त्याला इतकं स्वच्छ दिसतं की विचारायची गरजच वाटत नाही. त्या दिवसापासून हर्षलनं एकच ध्यास घेतला, लवकरात लवकर पिच्चर संपवायचा आणि मैनाताईंना मोकळं करायचं.

नोव्हेंबरात शूटिंग पुन्हा लागलं. सृष्टीनं पहिले फोटो समोर ठेवून बांगड्या मोजल्या, तीन कमी भरल्या. तिनं आणते म्हटलं, पण मैनाच म्हणाली, "नको. परक्यानं दिलेल्या बांगड्या आता घालता यायच्या नाय मला. हात पदरात ठेवीन." राहिलेली दृश्यं भराभर झाली. डिसेंबरात फक्त शेवटचं उरलं. ते तर अगदीच सोपं होतं. नाक्यावर बसलेली बाई उठते, घमेलं घेते, पिकअपमध्ये चढते, पिकअप निघून जाते.

आणि मैना चुकायला लागली.

पहिल्या रविवारी ती घमेलं न घेताच चालू लागली. दुसऱ्यांदा घेतलं, तर सरळ कॅमेऱ्यात बघितलं. तिसऱ्यांदा पिकअपमध्ये चढली आणि मोठ्यानं शिंकली. दुसऱ्या रविवारी ती वेगळ्याच चपला घालून आली. तिसऱ्या रविवारी साडी धुवायला भिजवून ठेवली होती म्हणे. हर्षलनं आवाज चढवला नाही. तिला बाजूला बसवून, पाणी देऊन तो हळू आवाजात म्हणाला, "मला कळतंय, मैनाताई. तुमचं लक्ष लागत नाहीये. दर रविवारी हे कुंकू लावून यायचं, किती त्रास होत असेल तुम्हाला."

त्या वेळी सासू नव्हती, बस्ती नव्हती. सांगता आलं असतं. मैनानं तोंडही उघडलं. पण पुढं बसलेल्या पोराचे डोळे पुन्हा भरून आले होते, आणि एवढ्या चांगल्या माणसाला "मला त्रास नाय होत, मला हे पायजे" असं कसं सांगायचं? नवरा मरून चार महिने झालेल्या बाईनं? ती म्हणाली, "तसं काय नाय, दादा." आणि हर्षल आणखी विरघळला.

सृष्टी लांबून बघत होती. तिला काहीतरी वेगळं दिसत होतं. एवढं अवघड काम एका दमात करणारी बाई पिकअपमध्ये चढताना कशी चुकेल? पण तिनंही विचारलं नाही. तिला दुसऱ्या दिवशी ओझरला लग्न होतं.

चौथ्या रविवारीही जमलं नाही. हर्षल घरी जाऊन तीन रात्री सगळं चित्रण पुन्हा पुन्हा बघत बसला. आणि त्यात त्याला ते सापडलं. नाक्यावर चोरून काम करायचं म्हणून सृष्टीला सवय होती, "कट" म्हटलं तरी कॅमेरा लगेच बंद करायचा नाही, पिशवीच्या भोकातून चालू ठेवायचा. दुसऱ्या रविवारचा तो तुकडा होता. दृश्य फसलेलं, हर्षल वैतागून बाजूला गेलेला. मैना एकटी पिकअपपाशी उभी आहे. इकडेतिकडे बघते. कुणी बघत नाही अशी खात्री करते. मग पिकअपच्या बाहेरच्या आरशात वाकून बघते, करंगळीनं कुंकू नीट गोल करते, मान थोडी तिरकी करून स्वतःला न्याहाळते आणि हसते. अगदी थोडं हसते. मग घमेलं उचलते आणि दिसेनाशी होते.

हर्षल खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागला. याहून चांगला शेवट त्याला जन्मात सुचला नसता. पिच्चर पूर्ण झाला होता. नव्यानं काही घ्यायची गरज नव्हती.

त्यानं लगेच मैनाला फोन लावला. बुधवार होता, सकाळचे अकरा. कामावर सिमेंटमध्ये खराब होतो म्हणून मैना फोन घरीच ठेवायची. फोन विठाबाईनं उचलला.

"आजी, हर्षल बोलतोय! मैनाताईंना एक आनंदाची बातमी द्या. पिच्चर संपला! आता त्यांना काही काही सांभाळायला नको. म्हणावं, तुम्ही आजपासून मोकळ्या!"

"संपला?" विठाबाईनं खात्री करून घेतली. "कागदाचं काय?"

"कागदाचा आता काही प्रश्नच नाही, आजी."

"देव तुझं भलं करो," विठाबाई म्हणाली. ती तेवढ्याच मनापासून म्हणाली.

संध्याकाळी मैना मोरीत हातपाय धूत होती तेव्हा विठाबाईनं तिला सांगितलं. मैना हात धूतच राहिली. सिमेंट केव्हाच निघालं होतं, तरी धूत राहिली. तिला ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडणार? सासूवर? म्हातारी गेले चार महिने स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी तिच्या ताटात टाकत होती. हर्षलवर? त्यानं तर बक्षीस दिल्यासारखा फोन केला होता. जगातली सगळी माणसं आपल्याशी चांगली वागत होती, आणि पळायला एक फट उरली नव्हती.

सकाळी नवसाबाई आणि आणखी दोघी आल्या. डाव्या हातात सहा होत्या, उजव्यात पाच. फार वेळ लागला नाही. कुंकू विठाबाईनं स्वतः पुसलं, ओल्या पदरानं, लेकराचं तोंड पुसावं तसं. पोत काढून डब्यात ठेवली. नवसाबाई काचा गोळा करताना म्हणाली, "झालं बाई एकदाचं. घोर लागला होता." मग मैना नाक्यावर गेली, कारण न जाऊन काय करणार होती? ठेकेदारानं तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "चल." तिला ते लगेच कळलं. तिनं मान खाली घातली आणि दुसऱ्या पिकअपची वाट बघितली. त्या आठवड्यात ती तीन दिवस कामाविना घरी आली.

मार्चमध्ये हर्षलनं पिच्चर दाखवायचा ठरवला. गंगापूर रोडला एका संस्थेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला, साठ-सत्तर खुर्च्या. मैनाला आणि विठाबाईला आणायला त्यानं रिक्षा पाठवली. हॉलच्या दारात तो सामोरा आला आणि मैनाच्या कपाळाकडे बघून क्षणभर थांबला. मग त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "सुटलात ना एकदाच्या?" त्यानं विचारलं. मैनानं मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलवली हे त्याला कळलं नसावं.

अंधार झाला आणि पडद्यावर मैना आली. घरच्या भिंतीएवढी मैना, भरल्या हातांची. विठाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा पिच्चर इतक्या जवळून पाहिला. ती सुनेच्या दंडाला धरून बसली होती. नाका आला, वाळू आली, पाण्याची रांग आली. आणि शेवटी ती पिकअप आली. मैनाला माहीतच नव्हतं हे कुणी टिपलंय. पडद्यावरची बाई इकडेतिकडे बघते, वाकते, करंगळीनं कुंकू गोल करते, हसते. आपल्याच घरात आपण चोरी करताना सापडलो असं तिला झालं. दंडावरचा विठाबाईचा हात घट्ट झाला आणि तसाच राहिला.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. मग प्रश्नोत्तरं. एकानं कॅमेऱ्याबद्दल विचारलं, एकानं शासनाच्या धोरणाबद्दल. मग दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या. कुठल्याशा कॉलेजात शिकवायच्या. सुती साडी, कपाळावर रुपयाएवढी लाल टिकली. "माझा प्रश्न नाही, मला मैनाताईंचं कौतुक करायचंय," त्या म्हणाल्या. "पिच्चरमध्ये तुम्ही या बांगड्या, मंगळसूत्र, कुंकू, सगळ्या बंधनांमध्ये जखडलेल्या दिसता. आणि आज इथे तुम्ही ते सगळं झुगारून देऊन बसला आहात. हा प्रवास फार मोठा आहे. काय वाटतं तुम्हाला?"

माइक हातोहात मागे आला. मैनानं तो हातात घेतला. समोर सत्तर माणसं मागे वळून बघत होती. हर्षल स्टेजवरून तिला धीर द्यायला हसत होता.

"म्या नाय झुगारलं," मैना म्हणाली. माइकमधून आपला आवाज ऐकून ती दचकली, पण थांबली नाही. "माझ्याकडून काढून घेतलं. पिच्चर संपला म्हून काढलं. मला ते लय आवडायचं. शेवटी शेवटी म्या मुद्दाम चुकायचे, पिच्चर संपू नये म्हून. मालक गेला तवा बी मला पायजे होतं, आत्ता बी पायजे हाय."

हर्षलचं हसू तसंच राहिलं आणि त्याच्या खालचा चेहरा पांढरा पडला. सृष्टीनं डोळे मिटून घेतले. मग कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. सुती साडीतल्या बाईंनी डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, "काय प्रामाणिक बाई आहे!" पुढचा प्रश्न संगीताबद्दल होता.

बाहेर चहा होता. हर्षल गर्दीतून वाट काढत तिच्याकडे येऊ लागला, पण मैनाला त्याची माफी ऐकायची नव्हती. त्याची समजूतही तिलाच घालावी लागली असती, आणि आज तेवढी ताकद नव्हती. तिनं सासूला धरून रिक्षात बसवलं.

ऊन चढलं होतं. रिक्षा सिग्नलला थांबत, गचके खात चालली होती. विठाबाईनं विचारलं, "आधी का नाय बोललीस मला?"

"इचारलं कुठं कुणी?"

विठाबाईनं बाहेर बघितलं. "मी एकोणतीसची होते दीपकचा बाप गेला तवा," ती म्हणाली. "मला बी नव्हतं इचारलं. पंधरा-पंधरा घालायचे मी. लाल. ज्यानं त्यानं हात धरला आन् फोडल्या. लय दिवस झोपताना हात हलवून बघायचे, आवाज येतो का म्हून."

मैनानं तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत म्हातारीनं हे कधी सांगितलं नव्हतं. तिनं सासूचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मंग आत्याबाई... लावू का मी उद्यापासून?"

विठाबाईचे ओठ हलले. रिक्षानं वळण घेतलं, बस्तीच्या तोंडाशी नळावर नवसाबाई आणि चार बाया उभ्या होत्या. रिक्षा येताना बघून त्या वळल्या.

"नाय गं," विठाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ते ती पुसत नव्हती. "तुला लाव म्हणायची माझ्यात धमक नाय. मला ह्यांच्यात ऱ्हायचंय."

तिनं हात सोडवून घेतला, सुनेचा पदर कपाळापर्यंत नीट पुढं ओढला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "हितंच थांबव बाबा."